पलीकडच्या काठचे दगड

प्रिय दादा,

गेल्या आठवड्यात फोनवर तू म्हणालास, बोटभर मासा, तळायला टाकला तर कढईत शोधावा लागेल, त्याच्यासाठी मी कारखाना थांबवू? मी नुसती हसले. तुझ्यापुढे बोलताना माझी जीभ अडखळते. लिहिताना अडखळत नाही.

सलग चार सकाळी आपल्या ओढ्यावर गेले. पाणी तेवढंच गार, पाच मिनिटांत पाय आपले वाटेनासे होतात. लहानपणी तू तिथला दगड उचलून भिरकावायचास आणि बाबा धपाटा घालायचे: जसा होता तसा ठेव, त्याच्या पोटाला कुणाचं तरी घर चिकटलंय. ते खरंच होतं. अंडी दगडाच्या खालच्या बाजूला असतात आणि नर त्यांच्याखाली बसून राहतो. दगड उचलला की बाकीचे मासे पळतात. हा पळत नाही. कल्ले फुगवून माझ्या अंगठ्याकडे बघत राहतो.

तुझ्या बाटलीबंद पाण्याच्या कारखान्याचा पाइप याच ओढ्यात उतरणार, आणि तुझ्या अर्जाला जोडलेला सरकारी पाहणीचा अहवाल माझा आहे, अकरा वर्षांपूर्वीचा. 'मासे आढळले नाहीत', खाली माझी सही. माझ्या डायऱ्यांची तू कायम थट्टा करतोस. त्या दिवसाचं पान काढलं तेव्हा मलाही ते फाडावंसं वाटलं. 'पाणी फार गार. पलीकडच्या काठाला गेले नाही. दगड बारा पाहिले, चाळीस लिहिले.' खोटं मी लिहिलं, तू नाहीस. तू फक्त बहिणीच्या सहीवर विश्वास ठेवलास.

या वेळी पलीकडे गेले. चाळीसच्या चाळीस दगड उचलले. मासे एकोणीस, त्यातले तीन अंडी राखत बसलेले.

वहिनी म्हणाली, घरातलं घरात मिटवू, नवा अहवाल अर्जाच्या सुनावणीनंतर दे. ऑफिसातले साहेब म्हणाले, जुन्या सहीला हात लावलात तर नोकरीला हात लागेल. दोघांनाही मी 'बरं' म्हटलं. आयुष्यभर म्हणत आलेय, आता पुरे. हे माशासाठी करतेय की स्वतःची सही धुऊन काढायला, हेही मी स्वतःला विचारून पाहिलं. खात्रीनं सांगता येत नाही. पण उत्तर काहीही आलं तरी मासे एकोणीसच राहतात.

उद्या सुनावणीत मी उभी राहून ते पान वाचणार आहे, 'बारा पाहिले, चाळीस लिहिले' यासकट. तुझा अर्ज पडेल, बहुधा माझी नोकरीही जाईल. हे तुला चारचौघांत कळू नये, आधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. मनधरणी करायला येऊ नकोस. पानाची प्रत आजच सुनावणीच्या कार्यालयात देऊन आले. यायचंच असेल तर सुनावणीनंतर ये, पँट दुमडून. ओढ्यावर जाऊ. दगड तूच उचल. आणि या वेळी जसा होता तसा ठेव.

तुझीच, आणि उद्या तुझ्यासमोरच्या बाकावर बसणारी,
छोटी