पहिली डिस्क काढल्यावर

प्रिय एस्कील,

सकाळपासून तिसऱ्यांदा लिहायला बसतेय. दोन ओळी झाल्या की उठते, खिडकी लावते, परत उघडते. फोनच केला असता, पण फोनवर तू मला हसवतोस आणि मुद्दा राहून जातो.

आपली आई बरी आहे. गळ्यातल्या मदतीच्या बटणावरून कुरकुर चालूच आहे. म्हणते, "गुराच्या गळ्यात घंटा बांधतात, तशी बांधलीत मला." पण सौनाच्या वाफेत पायरीवर घसरली तेव्हा तेच दाबलं आणि मी धावले. बेटावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांची बटणं ज्या सर्व्हरवर वाजतात, तो मी या आठवड्यात नवा बसवला. तो बंद पडला तर आई बटण दाबत बसेल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही.

तुला बोटींपलीकडे काही कळत नाही, म्हणून सांगते. यंत्र चालू केलं की आधी एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो आणि बाकीच्यांना उठवतो. तो बूटलोडर. राग्नारला, म्हणजे माझ्या साहेबाला, नव्यातला चकचकीत हवा होता. मी जुनाच निवडला. उद्या मी नसले तर जो येईल त्याला तो ओळखीचा असेल. "का, तू कुठे चाललीस?" त्याने विचारलं. मी स्क्रू आवळत राहिले.

सर्व्हरमध्ये दोन डिस्क असतात. एकीवर लिहिलेलं दुसरीवर आपोआप उतरतं; एक गेली तर दुसरीने सांभाळायचं. सर्व्हर चालू केला, छान चालला. राग्नारने केक आणला होता, कॉफीही ओतली. मी म्हटलं, आधी पहिली डिस्क काढून बघू.

"अगं, चालतंय ना? विकतचं दुखणं कशाला घेतेस? माझी फेरीबोट सुटेल."

मी डिस्क ओढली आणि यंत्र पुन्हा चालू केलं. पडदा काळा. सुरू करण्यासारखं काही सापडलं नाही, एवढीच ओळ. माहिती दुसरीवर सगळी होती, पण बूटलोडर एकट्या पहिलीवर बसला होता. राग्नारने केकची बशी खाली ठेवली.

"सोमवारी हे असंच चालू करणार होतो आपण. माझ्या सासूचं बटणसुद्धा यावरच आहे."

"मग तुझं तर फावलंच असतं."

तो हसला नाही. मी पहिली परत लावली, दुसरीवरही बूटलोडर बसवला, दोन्ही सारख्या होईपर्यंत थांबले आणि पहिली पुन्हा काढली. या वेळी यंत्र उठलं. आईला फोन करून बटण दाबायला सांगितलं, ते वाजलं. फेरी केव्हाच गेली होती. राग्नार बसून निमूटपणे केक खात होता.

एस्कील, माझ्या छातीत गाठ निघाली आहे. पुढच्या महिन्यात टुर्कूच्या हॉस्पिटलात ऑपरेशन, मग उपचार. बराच काळ मी बेटावर नसेन. मला भीती वाटते. आईला अजून सांगितलेलं नाही. तिच्या बटणावर माझ्यानंतरचा नंबर तुझा आहे आणि ती निर्धास्त असते: "एस्कील आहे की." आहेसच, मला शंका नाही. पण प्रत्येक वेळी मीच आधी पोचले, तुझ्यावर कधी वेळच आली नाही. ती पडली की आधी ओरडते, मग रडते, आणि रडेपर्यंत तिला उचलायचं नसतं, हे तुला कोण सांगणार? म्हणून मी टुर्कूला जाण्याआधीच ये. आठवडाभर तू घरी राहा, मी पलीकडच्या बेटावर जाते. आई बटण दाबेल, तेव्हा माझा फोन बंद असेल. मला ते जमेल असं वाटत नाही, पण मी तो बंद ठेवीन.

तुझी बहीण,
सिग्ने