अंगठा लावणार नाही
तिरुवल्लिकेणी, मंगळवार, दिवेलागण

अंगठा लाव म्हणे! देवा, तुला नमस्कार नंतर, आधी हे ऐक. माझा लेक मुरली आवडी गावच्या रणगाड्यांच्या कारखान्यात सरकारी नोकर, त्याला धंदा करायला बंदी, म्हणून परदेशी अत्तरांचं दुकान माझ्या नावावर. माल विकला त्यानं, कर बुडवला त्यानं, अन् खटला माझ्यावर!

आज जबाबाचा कागद अन् शाईचं पॅड घेऊन आला. "अम्मा, कोर्टात सांग, मला लिहितावाचता येत नाही. म्हातारीला सोडतात."

"अय्यो! तुझी नोकरी वाचावी म्हणून मी अडाणी होऊ?"

दुसरीत शाळा सुटली माझी, पण दुकानाच्या परवान्यावर वेडीवाकडी का होईना, माझीच सही आहे. करताना विचारलं का नाही मी? चुकलंच. पण अंगठा? नाही. पॅड उंबऱ्याबाहेर ठेवलंय. सोमवारी कोर्टात मी शेजारी उभी राहीन, उत्तर मात्र मुरल्यानंच द्यायचं.