उतारावर पाय उचलून

धरमपेठ,
गुरुवार

प्रिय वैभव,

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मला हसवतोस आणि निसटतोस. आता कागदाला हसवून दाखव. रविवारी तू दामिनीला शेजारच्या सीटवर बसवून ती टेकडी उतरणार आहेस. अकरा वर्षांची पोर आहे तुझी. तिला नेऊ नकोस, एवढंच म्हणायचंय. बाकीचं सगळं त्यासाठीच.

आपलं नागपूर असं सपाट, की इथल्या माणसाला उतार म्हणजे उड्डाणपूल संपतो तो. अशा गावात पन्नाशीला टेकलेले दहा-बारा पुरुष डोंगर चढायच्या गाड्या घेतात, एकसारखे टी-शर्ट शिवून घेतात आणि दर रविवारी उमरेडच्या पुढे टेकडी शोधत फिरतात, ही मला आधी निव्वळ करमणूक वाटायची. चिखल लागला तर फोटो. नाही लागला तर बाटलीतल्या पाण्यात माती कालवून लावता, हे मी या डोळ्यांनी पाहिलं.

गेल्या रविवारी मोठ्या हौसेने मला बसवलंस. उताराच्या तोंडाशी बटण दाबलंस, हिरवा दिवा लागला. आता ब्रेक गाडीच सांभाळते, म्हणालास, आपण पाय उचलून बसायचं, काहून घाबरून राहिली वं ताई! आणि गाडी खरंच बाळंतिणीने जिना उतरावा तशी एकेक चाक जपत निघाली. मला वाटलं, चला, तुझ्या वतीने कुणीतरी पहिल्यांदाच सांभाळून वागतंय.

मग तू गिअर काढून न्यूट्रल केलास. सवय! बाबा सेमिनरी हिल्सच्या एवढ्याशा उतारावरूनही स्कूटर बंद करून घसरत यायचे, पेट्रोल वाचतं म्हणून; एवढ्या महागड्या गाडीतही तुझं तेच. इंजिनाने धरलेली गाडी सुटली, सगळा भार ब्रेकवर आला. अर्ध्या वाटेत जळका वास सुटला, दिवा लुकलुकला आणि विझला. मशीन बिचारं प्रामाणिक. झेपेना, तसं त्याने सांगून टाकलं.

पुढचं काम तुझ्या पायाचं होतं. आणि वैभव, तू खाली वाकून बघितलंस. गाडी सुटलेली, समोर बाभळी, आणि तू आपला पाय कुठे आहे ते शोधतोयस. बघून बघून ब्रेकवर ठेवलास. बाभळीचे काटे काचेला लागले तेव्हा गाडी थांबली. तुझ्या दोस्तांनी टाळ्या वाजवल्या, तूही हात हलवलास. मीही हसले. दात वाजत होते, ते लपवायला हसणं सोयीचं पडतं.

बाबा जन्मभर हातमागावर बसले. खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबायचे. कधी खाली बघितलेलं आठवतंय तुला? मग साखर वाढली, आणि एक दिवस ते पावडी शोधायला वाकले. त्याच महिन्यात माग विकला. कुणाला समजवायला जावं लागलं नाही.

तुझी उजवी चप्पल परवा माझ्या दारात सुटून राहिली आणि तू तसाच जिना उतरून खाली पोचलास. वरून हाक मारली तर म्हणालास, गरमी होऊन राहिली होती म्हणून काढली. डिसेंबरात. आणि एकाच पायाला.

तरी मी स्वतःची समजूत घालत होते, की पाय बधिर होतायत हे तुझं तुलाच अजून कळलं नसेल. पुरुषांना उशिरा कळतं. जरा दमाने सांगू, रामदासपेठेतल्या डॉक्टरकडे नेऊ, असं चाललं होतं. पण काल दामिनी आली. पोह्यांवर तर्री ओतून घेता घेता ऐटीत म्हणाली, आत्या, पप्पांनी मले ड्युटी दिली. दिवा लुकलुकला की दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढायचा, अन् मम्मीले नाही सांगायचं. खाली पार्किंगमध्ये उभ्या गाडीत तुम्ही रोज सराव करता म्हणे. म्हणजे तुला माहीत आहे. सगळं माहीत आहे. मुरमाच्या उतारावर हँडब्रेक ओढला की गाडी मागून फिरते आणि आडवी होते, हेही माहीत असणार; तुम्ही लोक तसले व्हिडिओ एकमेकांना पाठवून हसता. स्वतःच्या पायाचं काम तू त्या पोरीच्या हातांना दिलंस, आणि वर तिला गप्प राहायला शिकवलंस. हे पाकीट दुपारीच तुझ्या दुकानात पोचेल. तिची मम्मी, तुझी कामिनी, संध्याकाळी मिहानहून सुटते, तेव्हा मी तिच्या ऑफिसच्या फाटकाशी उभी असेन. त्याआधी तू फोन करून तिला सांगितलंस, तर मी तिच्याशी भाजीच्या भावाबद्दल बोलेन.

चिडलेली, तरी तुझीच,
चंद्रकलाताई