मंगळवारची प्रात्यक्षिक परीक्षा

तुळजापूर,
गुरुवार

तीर्थरूप महारुद्रमामा यांच्या पायांवर भाचीचं, म्हणजे करिश्माचं, डोकं (सध्या पत्रातूनच, खरंखुरं भेटीत ठेवीन).

तुमचा गुडघा कसा आहे? मामी अजून जिना चढू देत नसतील, तेच बरं. इकडं जळकोटला आई-अप्पा खुशाल आहेत, आणि मी तर एवढी खुशाल आहे की परवापासून मेसची पातळ आमटीसुद्धा मला गोड लागतेय. फोन केला नाही, कारण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि मग अख्ख्या गल्लीला कळतं. (रागावू नका, पण टाकता.)

तर मामा, जूनमध्ये मी बी.कॉम. सोडून इथंच नाट्यशास्त्र घेतलं. घरी अजून बी.कॉम.च चालू आहे. पण विषय लई भारी! वर्गात आम्ही नऊजण. नारायणराव सर सकाळी सकाळी आमच्याकडून मोठ्यानं हसून घेतात, मग रडून घेतात (शेजारच्या प्राणिशास्त्रवाल्यांनी दोनदा तक्रार केलीय). परवा प्रात्यक्षिक परीक्षा होती. सर म्हणाले, हॉलमध्ये कशाला, खऱ्या माणसांपुढं करू. म्हणून अणदूरला, शाळेपुढच्या पटांगणात. मी सून. सासूला धाक घालायला ती अंगात आल्याचं सोंग करते. मी केस सोडले, मळवट भरला, वर्गातला उत्कर्ष संबळ वाजवायला लागला आणि मी असली घुमले, असली घुमले की माझीच मला भीती वाटली. फक्त एक गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आली नव्हती, ती म्हणजे त्या दिवशी मंगळवार होता. देवीचा वार, तुळजापूर तालुका, आणि समोर मोकळ्या केसांची बाई घुमतेय! याला नाटक कोण म्हणणार?

आधी एक आजी उठल्या आणि सरळ माझ्या पायावर. मग दुसरी घरी पळत जाऊन खण-नारळ घेऊन आली. बोअरला पाणी लागंल का, सून नांदंल का, म्हैस कधी गाभण राहील, एकेक प्रश्न सुरू! आमची नाटकातली सासू, शिवलीला, आपले संवाद सोडून रांग लावायला लागली. मी थांबणार कशी? थांबले तर परीक्षेत नापास. रांगेत चौथे कोण, तर बाहेरून आलेले परीक्षक शरणबसप्पा सर, बूट काढून! हळूच म्हणाले, "आई, पोराचं लग्न कधी जमंल?" मी म्हणलं, "आधी मार्क लिही, मग सांगते." पन्नासपैकी अठ्ठेचाळीस! (दोन कापले ते मूळ संवाद सोडल्याबद्दल.)

त्यांच्यामागं आई होती. व्हय मामा, माझीच आई, तुमची धाकटी बहीण. अणदूरला कुणाच्या तरी बारशाला आली होती. मी आणखी जोरात घुमले. तिनं वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "लेक बी.कॉम. शिकती, बँकेत लागंल का?" मी डोळे गरगरा फिरवून ओरडले, "न्हाय लागायची! तिला नाटकात घाल!" आई हात जोडून निघून गेली. मामा, काय सांगू, त्या मिनिटाला मला कळलं की मी दुसरं काही करूच शकत नाही. झालं, सगळं मार्गी लागलं! आता कुणाच्या मदतीची गरज नाही.

तुमची लाडकी,
करिश्मा

ता. क. तशी थोडी आहे. विषय बदलल्याच्या अर्जावर पुढच्या शनिवारपर्यंत अप्पांची सही पाहिजे, नाहीतर नाव कमी करतील. गुडघा बरा असेल तर जळकोटला याल का?

ता. क. २. पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात आईचा फोन आला. म्हणाली, "अंगातलं उतरलं का गं? कपाळावरची लहानपणची खोक कुंकवानं झाकत न्हाय. तुझे अप्पा देवीचंबी ऐकायचे न्हाईत, माझ्या दादाचं ऐकतील. त्याला बोलावून घे." मी म्हणलं, ओळखलं होतंस तर पाया कशाला पडलीस? तर म्हणाली, "एवढं चांगलं करत होतीस. मीच तेवढी उभी ऱ्हायले असते, तर बाकीच्यांना सोंग हाय ते कळलं नसतं का?"