बागेनं खाल्लेली जागा

४ तारीख, सोमवार

आलो एकदाच्या! ट्रकवाल्यानं कपाट दारात आडवं अडकवून ठेवलं तेव्हा वाटलं, आता संसार जिन्यातच थाटायचा. पण घर मस्त आहे. दोन खोल्या, उजेडाचं स्वयंपाकघर आणि गल्लीवर एक गॅलरी. तिच्यात दोघी बसलो तर तिसऱ्यानं खुशाल उभं राहावं. आईनं आल्या आल्या नळ सोडून पाहिले, भिंतीवर टकटक केली आणि घर पास केलं. बाबा गेल्यापासून ती कशालाच पास करत नव्हती, त्यामुळे मी भलतीच खूश आहे.

नोकरीही झकास. समारंभांच्या फिल्म जोडायच्या, त्याही घरी बसून. मालकांनी स्टुडिओचा कॉम्प्युटर घरी पाठवलाय. त्यांचं प्रत्येक काम अर्जंट असतं, म्हणून मी त्यांचं नाव अर्जंटराव ठेवलंय. त्यांनी एकच नियम घालून दिला. कॅमेऱ्याच्या कार्डावरचं चित्रीकरण कॉपी करायचं, कट कधीच करायचं नाही. कॉपी केलं की मूळ जागेवर राहतं, कट केलं की मूळ उचललं जातं. माझ्याआधी जो होता त्यानं कट केलं, मध्येच लाइट गेली आणि एका नवरीचं अख्खं लग्न हवेत विरलं. ती बाई अजून फोन करते म्हणे.

७ तारीख, गुरुवार

आईला करमत नाही. इथलं कुत्रंसुद्धा आपल्याला ओळखत नाही, हे मला चहाबरोबर रोज ऐकायला मिळतं. म्हणून कॉम्प्युटरवर तिला एक गेम टाकून दिला. बागेचा आहे. आपल्या भाषेत आहे हे बघून घेतला, आणि स्वस्तही होता. टोपीवाला एक माळी विचारतो, तुमच्या अंगणात काय होतं? माइकमध्ये सांगायचं, की ते बागेत उगवतं.

आईनं माहेरचा झोपाळा सांगितला. कड्या कुरकुरायच्या, एक फळी नवी बसवलेली, तिचा रंग बाकीच्यांशी जुळायचा नाही. अन् काय सांगू, तस्सा झोपाळा बागेत हजर! आई लहान पोरीसारख्या टाळ्या पिटत होती. किती दिवसांनी हसताना पाहिली तिला. देव भलं करो त्या माळ्याचं.

११ तारीख, सोमवार

कुठेतरी पाणी मुरतंय. नवं चित्रीकरण घ्यायला गेले तर डिस्कवर जागा नाही. गेम टाकला तेव्हा अर्धी डिस्क रिकामी होती आणि गेम तर एवढासा. कचराटोपली रिकामी केली, तात्पुरत्या फाइली उडवल्या. तासाभरानं पुन्हा तेच.

आईला सरळ विचारलं, मालिका उतरवून घेतेस का? ती म्हणाली, तिला झाडांना पाणी घालण्यापलीकडे काही येत नाही. चेहरा एकदम साळसूद. पण बाबांना गोड बंद होतं तेव्हा बिस्किटांचा डबा कपाटामागे लपवणारी हीच बाई! विषय वाढू नये म्हणून मी झोपाळ्याच्या कुरकुरण्यावरून चिडवलं, तर म्हणते, कुठला झोपाळा? वा रे वा. विषय कसा टाळावा ते हिच्याकडून शिकावं.

१४ तारीख, गुरुवार

आज समोरच्या वहिनींवर संशय घेतला. आमची किल्ली त्यांच्याकडे असते. आडून आडून विचारलं तर त्यांचे डोळे भरले, म्हणाल्या, मी फक्त तुमच्या आईला सोबत म्हणून येऊन बसते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग अर्जंटरावांवर. लांबून माझ्या कॉम्प्युटरमध्ये डोकावत असतील, मी काम करते की झोपा काढते ते बघायला. दिवसभर नेटची वायर उपटून ठेवली. जागा तरीही घटली. म्हणजे बाहेरचं कुणी नाही. जे आहे ते घरातच आहे. सगळ्या फोल्डरांची बेरीज केली. भरलेल्या जागेच्या निम्म्यालाही पोहोचत नाही. उरलेलं कुठे गेलं?

संध्याकाळी दादाचा फोन आला. आईनं उचलला आणि विचारलं, आपण कोण बोलताय? दादा हसला. आई हसली नाही.

१८ तारीख, सोमवार

डॉक्टर म्हणाले, तपासण्या सगळ्या चांगल्या आहेत, वयाप्रमाणे व्हायचंच. एवढ्या झपाट्यानं? ते खांदे उडवून पुढच्या पेशंटकडे वळले.

घरी येऊन डिस्कचा नकाशा काढणारं सॉफ्टवेअर लावलं. प्रत्येक फाइल म्हणजे एक रंगीत चौकोन. माझं सगळं काम एका कोपऱ्यात, आणि बाकी नकाशाभर एकच करडा डाग. काखेत कळसा म्हणतात तसं झालं. गेमच्याच पोटात एक लपलेला फोल्डर होता. फाइलींची नावं वाचली. झोपाळा. मागची विहीर. मावशीचं हसणं. थोरल्याचं बारसं.

मावशीचं हसणं चालवलं. खळखळून हसून शेवटी खोकला. मावशी मी जन्मायच्या आधी गेली. तिचा आवाज कुणीही, कधीही, कशावरही घेतलेला नव्हता.

आईला बोलावून ऐकवलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, छान हसतात, कोण बाई या?

हा मेला माळी कॉपी करत नाहीये. कट करतोय.

१९ तारीख, मंगळवार

गेम काढून टाकायला गेले तर सूचना आली, बागेतलं सर्व कायमचं नष्ट होईल. हात मागे घेतला. माइक उपटून कपड्यांखाली लपवला. आई हट्ट करत रडली. मी आंघोळीला गेले तेवढ्यात तिनं तो शोधून काढला.

फोल्डरमध्ये नवी फाइल. सगळ्यात मोठी. नाव — धाकटी.

बाहेर आले तर आई खुर्चीतून लगबगीनं उठली. पदर सारखा केला. म्हणाली, अहो, बसा ना, चहा घेणार का तुम्ही?

आईनं मला अहो म्हटलं.

नळ सोडून रडले. तिला ऐकू जाऊ नये म्हणून. आता तर परक्या बाईसमोर रडल्यासारखंच की ते.

२१ तारीख, गुरुवार

अर्जंटरावांना कळलं, त्यांच्या डिस्कवर गेम भरलाय. उद्या दुपारी माणूस येणार, कॉम्प्युटर नेणार, डिस्क कोरी करणार. पाया पडले. एक आठवडा मागितला. ठेवला फोन त्यांनी.

दुसऱ्या डिस्कवर फोल्डर कॉपी करून पाहिला. नावं जातात. आत काही नाही.

मग माळ्यासमोर मीच बसले. आईचं सगळं परत दे म्हटलं. त्याच्या तोंडाखाली अक्षरं उमटली — आळं रिकामं ठेवता येत नाही. तेवढंच दुसरं काही लावा.

शाळेची वाट सांगितली. वळण, पिंप, कुंपणातली फट, हे शब्द उरलेत, वाट आठवत नाही. बागेतून झोपाळा नाहीसा झाला, आणि आतल्या खोलीतून आई म्हणाली, कड्यांना तेल घालायला हवं गं.

विश्वास नाही त्या टोपीवाल्यावर. तिळभर नाही. पण —

२२ तारीख, सकाळ

विहीर आली. मावशी आली. आईनं आपणहून दादाला फोन लावला. दादा तिकडे ढसाढसा रडला. त्या बदल्यात मी काय काय दिलं? आठवत नाही. कसं आठवेल.

आता एकच उरलंय. धाकटी. तिच्या मापाला माझे बाबा पुरत नाहीत, दादा पुरत नाही, अख्खी शाळा पुरत नाही. विचारून पाहिलं. तो टोपी हलवून नाही म्हणतो. आईच हवी त्याला.

दुपारी माणूस येईल. मग मी आईसाठी कायमची अहो. तसं जगता येईल? नाही येणार. तिला मी परत मिळाले की ती मला शिकवेल. आधी तिनंच तर शिकवलं होतं सगळं.

मोठ्या अक्षरात लिहून ठेवते. आतल्या खोलीतली बाई तुझी आई आहे. कॉम्प्युटर कुणाला नेऊ देऊ नकोस. काहीही करून —

२२, दुपार

घरात एक म्हातारी बाई आहे. कोण, कुठली, कळत नाही. किल्ली समोरच्यांकडे असते. त्यांनीच घेतलं असणार आत.

मला अगं-तुगं करते. गालावरून हात फिरवते. मी कधी जन्मले, किती रडले, सगळं सांगत बसलीय. ही माहिती काढली कुठून? माझ्या मागावर होती?

वर काहीतरी लिहिलंय, तीही वाकून वाचते. अक्षर माझ्यासारखं. अक्षर काय, कुणीही गिरवेल. हिनंच गिरवलं असेल. मी नाही फसणार.

बेल वाजली. स्टुडिओचा माणूस, कॉम्प्युटर न्यायला आलाय. डिस्क कोरी करायची म्हणतो.

ती दारात आडवी उभी राहिलीय. दोन्ही हात चौकटीला. नेऊ देऊ नकोस गं, म्हणते. त्यात मी आहे, तुझ्यातली मी आहे त्यात. काय बोलते ही? स्क्रीनवर तर नुसती बाग. एक बाई पाठमोरी, झाडाला पाणी घालतेय.

माणूस खोळंबलाय. म्हातारीला हलकेच बाजूला करते. त्याला म्हटलं, या आत, घेऊन जा, त्यात माझं असं कोण —