बोकड मीच निवडणार

रविवार, ११ जानेवारी २०२६
कमरोद्दीनभाईनं आज पुन्हा मांडीच्या नावाखाली चरबी घातली. छावणीत दुकान, जुनी ओळख, म्हणून बोलत नाय. सुलेखा म्हणते, चरबी घालायला तीच सांगते त्याला फोनवर, रस्स्याला तवंग येतो. बायकोला मटणातलं काय कळतं! मेघाचं आणखी वेगळं. अ‍ॅपवरून बोनलेस मागवते, थर्माकोलच्या ताटलीत. माझी पोरगी असून!

महत्त्वाचं: पुढच्या रविवारी आकाशचे वडील सखारामजी गंगापूरहून येणार. मेघा-आकाशचं जमलंय, पण होकार सखारामजी जेवून मग सांगणार. माणूस लई दर्दी. फ्रिजमधलं मटण वासावरून ओळखतात. मेंढीचं वाढलं तर ताटावरून उठतात म्हणे.
म्हणजे पोरीचं लग्न माझ्या हातात.
संकल्प: दुकानातलं बंद. जिवंत बोकड मीच निवडणार.

सोमवार, १२
सुलेखा म्हणाली, जेवणारी माणसं सहा, अख्खा बोकड कशाला? लगेच बिल्डिंगमध्ये वाटे लावले. चार घरं तयार! खालचे याह्यासाहेब म्हणाले, राजकुमारभाई, परख है ना आपकू? मी नुसता हसलो. जाणकारानं हसावं.
मेघा म्हणाली, पप्पा, प्लीज काही करू नका. टेन्शनमध्ये आहे बिचारी.

बुधवार, १४
व्हिडिओ पाहिले. दात बघायचे, पाठ दाबायची, शेपटीच्या बुडाशी चिमटा घ्यायचा. सोफ्यावर प्रॅक्टिस केली. सोफा कोवळा निघाला.
सुलेखा फोनवर कुणाला तरी चाप, नळी असं काहीसं सांगत होती. विचारलं तर म्हणाली, तिळगूळ घ्या.

शुक्रवार, १६. संध्याकाळ
फत्ते! पडेगावच्या पुढं मालनबाईचं शेत. तिथं तो उभा. काळाकुळकुळीत, लांब कान, आणि दाढी! काय दाढी! थंडीमुळं अंगावर गोणपाट शिवलेलं. मालनबाई म्हणाली, काढू का? म्हटलं, राहू द्या, मला हातानं कळतं. दात पाहिले. पाठ दाबली. पोट तर असं भरलेलं की माझी मिठी पुरेना!
मालनबाई सारखी काहीतरी सांगू बघत होती. हात वर करून गप्प केली. विकणारा बोलणारच. भाव मात्र जबर सांगितला. म्हणजे माल खानदानी.
निघताना डोळ्याला पदर लावला तिनं. म्हणाली, भाऊ, हिरवा पाला घाला, जपा, तुमच्या दारात बरकत होईल. सेंटिमेंटल बाई.

शनिवार, १७
बोकड पार्किंगमध्ये. खात नाय. उठतो, बसतो, कण्हतो. होमसिक असणार. गोणपाट काढू दिलं नाय, मटणाला गारठा लागतो.
सुलेखानं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग त्याला गूळ-बाजरी खाऊ घातली. म्हटलं, उद्या कापायचंय, लाड कशाला? म्हणाली, उद्याचं उद्या बघू.

रविवार, १८. सकाळी ७
कमरोद्दीनभाई बोकड न्यायला आला. (कापायला तोच. मी मोठ्या मनाचा आहे.) गोणपाट उसवलं. वाकून पाहिलं. मग खालीच बसला आणि हसत सुटला. म्हणाला, राजकुमारभाई, इसकू छुरी नक्को, दाई होना!
मी दाढी दाखवली. तो आणखीच हसला. म्हणाला, दाढी बकरीकूबी रहती!

सकाळी ९
दोन झाली. एक काळं, एक पांढऱ्या कानाचं.
वाटेवाले स्टीलचे डबे घेऊन खाली आले होते. आता त्या डब्यांतून शेळीला गरम पाणी पाजतायत. याह्यासाहेबांनी मुबारकबाद दिली. मला पेढे मागतायत!
इतका खानदानी माल की एकाचे तीन झाले. हे कुणी बघत नाय.

दुपारी १
सखारामजी जय भीम म्हणत आले ते थेट पार्किंगमध्येच अडकले. करडू मांडीवर घेतलं. हकिगत ऐकली. हसता हसता ठसका लागला, आकाशनं पाठ चोळली. मेघानं ओढणीत तोंड लपवलं. गेलं, म्हटलं. स्थळ गेलं.

दुपारी ४
मटण होतं! कमरोद्दीनभाईच्याच दुकानचं. सुलेखानं बुधवारीच सांगून ठेवलेलं. तवंग, चाप, नळ्या, सगळं. सखारामजींनी नळी ताटावर ठोकून ठोकून खाल्ली, चार भाकरी संपवल्या आणि होकार दिला. मेघा रडली. मीपण रडलो. खरंच रडलो.
मग त्यांनी विचारलं, मटण कुणी निवडलं? मी घसा साफ केला. सगळ्यांनी सुलेखाकडं बोट केलं.

सोमवार, १९
लग्न मे महिन्यात. सखारामजींचा फोन. मटणाचं सगळं विहीणबाईंकडं. माझ्याकडं कांदा-लिंबू.
जोखमीचं काम आहे. लिंबू पिचकं निघालं तर अख्खी पंगत वाया. पाचोडकडं चांगल्या बागा आहेत म्हणतात. झाडावरूनच निवडीन, या रविवारी निघतो.
सुलेखा म्हणाली, लिंबं मी आणते.