मला कोर दिसली नाही

अगुनी, २ रमजान

चि. तिलिला हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

दोन दिवस डोकं फिरलंय, आणि ते उपासाने नाही. परवा संध्याकाळी आम्ही तिघे साक्षीदार नेहमीसारखे टेकडीवर चंद्रकोर बघायला गेलो. हम्मू आणि सईद, दोघांना दिसली. मला नाही. अगं, चाळीस वर्षं सगळ्यांच्या आधी मला दिसते! काझींनी विचारलं तेव्हा सरळ सांगितलं, मला दिसली नाही. त्या दोघांच्या साक्षीवर रोजे लागले. उतरताना हम्मू म्हणतो कसा, मोहा, आता घरी बसून हरीराच्या सुपातले हरभरे मोज. मेला!

तू तिथे वेधशाळेत विश्वाच्या कडेपर्यंत बघतेस. त्या दिवशी कोर दिसणं शक्यच नव्हतं, अशा दोन ओळी लिहून पाठव. काझींना दाखवतो. नाहीतर ईदच्या चंद्राला मला कोणी बोलावणार नाही, आणि ते मला सहन व्हायचं नाही.

आईने बदाम पाठवलेत. जिवाला जप, आम्हाला विसरू नकोस.

तुझा बाबा

वेधशाळा, ८ रमजान

प्रिय बाबांना तिलिलाचा सलाम. वि. वि.

बदाम पोचले आणि संपलेही. त्या दोन ओळी मात्र मला लिहिता येणार नाहीत. कोर होती, बाबा. चांगली वर होती.

पण तुमची साक्ष खरीच होती. आमचंही तसंच आहे. सगळं विश्व ताणलं जातंय. काही दीर्घिका इतक्या वेगाने लांब चालल्यात, की आज तिथून निघालेला उजेड आपल्यापर्यंत कधीच पोचणार नाही. म्हणून तिथे काही नाही, असं आम्ही लिहीत नाही. इथून दिसत नाही, एवढंच लिहितो. हे मी तुमच्याबरोबर टेकडीवर शिकले.

फक्त आमच्या विश्वाच्या कडेला इलाज नाही. तुमच्या मोतीबिंदूला आहे. मराकेशच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतलीय. मीच न्यायला येते. बुडालेले रोजे नंतर धरा, पण नाही म्हणू नका.

रागावलात तरी माया कमी करू नका.

तुमची तिलिला

अगुनी, १ शव्वाल

चि. तिलिला हिस ईदचे आशीर्वाद. वि. वि.

ऑपरेशननंतर डोळा झकास आहे. तुझं पत्र काझींना वाचून दाखवलं, कोर होती हेसुद्धा. ते हसले. म्हणाले, असा साक्षीदार सोडायचा नसतो. काल हम्मू स्वतः बोलवायला आला. कोर आधी मला दिसली! हम्मू बराच वेळ भलतीकडेच बघत होता. हरभऱ्यांचं मी अवाक्षर काढलं नाही. घरी येऊन मात्र आईला तीनदा सांगितलं.

आज तुझी जुनी पत्रं काढून बसलो. दर वर्षी अक्षर मोठं मोठं होत गेलंय. या शेवटच्या पत्रात तर पानावर सहाच ओळी! मला वाटायचं, वेधशाळेत अशीच लिहायची पद्धत असेल. इतकी वर्षं ओळखून होतीस, आणि मला एका शब्दाने जाणवू दिलं नाहीस. फार रडलो गं. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं.

आता बारीक लिही. पानावर जास्त मावेल.

तुझा बाबा